आत्याची बकरी आणि मधलं वळण

माझी आत्या मधमाश्या पाळते आणि मी गॅरेज चालवते. आत्याकडे एक छोटी पिकअप आहे. तिचा हॉर्न बें बें करतो, म्हणून आत्या तिला बकरी म्हणते.

आत्या म्हणजे एक नमुनाच आहे. आतोबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता माश्या विका आणि निवांत बसा. ती म्हणाली, "बसलं की माझी कंबर दुखते." घाटाच्या माथ्यावर रानफुलं आली की माश्यांच्या पेट्या बकरीमागच्या ट्रेलरवर लादून वर न्यायच्या, हा तिचा शिरस्ता. पण गेल्या वर्षी घाटाच्या मधल्या वळणावर बकरीने मान टाकली. ट्रेलर मागे घरंगळला, पेट्या कलंडल्या, निम्म्या माश्या गेल्या. त्या दिवशी आत्या जेवली नाही.

यंदा गॅरेजात येऊन ती सरळ म्हणाली, "या वेळी चढली नाही तर पेट्या विकते. हाल करायला नाही पाळल्या मी."

माझं डोकंच फिरलं. भाची गॅरेजवाली आणि आत्याने चढापायी माश्या विकायच्या? मग मी काय इथे माश्या मारत बसलेय? बकरी आत घेतली आणि भिडले. इंजिनला गार आणि भरपूर हवा मिळावी म्हणून मोठा इंटरकूलर टाकला, टर्बोचा दाब बेताने चढवला, त्या मानाने डिझेल वाढवलं, क्लच दणकट घातला, रेडिएटरही मोठा. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बकरीचा पार रेडा झाला होता.

ओढायची ताकद वाढवली की थांबवायचीही वाढवावी लागते, म्हणून ट्रेलरला बाहेरून दांडा ओढायचा हँडब्रेक बसवला. आधी नव्हताच. आत्या आपली चाकामागे लाकडी ठोकळा टाकायची. "थांबलो की आधी दांडा ओढायचा, मग ठोकळा," हे मी तिच्याकडून घोकून घेतलं.

उजाडताना, माश्या पेट्यांत असतानाच, निघालो. स्टिअरिंग माझ्याकडे. चढ असा भराभर मागे पडत होता की मी हसतच सुटले. आत्याने मात्र दाराची कडी घट्ट धरली होती.

आणि नेमक्या मधल्या वळणावर समोरून दगडांचा ट्रक आला. थांबावं लागलं. आत्या उडी मारून उतरली, दांडा ओढला, ठोकळा टाकला. ट्रक गेला. ती ठोकळा उचलून परत येऊन बसली. "चल."

मी क्लच सोडला. गाडी हलेना. इंजिन घुमलं, केबिन थरथरली, जळका वास आला. आत्याने कडी सोडून हात मांडीवर ठेवले.

"असू दे, पोरी. तू काय कमी केलंस?"

तिचं ते शांत बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. शिव्या मी गाडीला दिल्या की स्वतःला, आठवत नाही. दात-ओठ खात पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला, आणि बकरी निघाली. इंच इंच, कण्हत, पण पुढे. वळण मागे पडलं. माथा समोरच होता. आत्या पुढे झुकून डॅशबोर्ड थोपटत होती. "चल गं माझी बाय, चल." वर पोचलो तेव्हा दोघींचे डोळे भरले होते.

उतरून पाहते तर ट्रेलरच्या चाकांतून धूर. आणि दांडा वर, ओढलेला तसाच. इतकी वर्षं ठोकळा काढला की निघायचं, एवढंच आत्याच्या अंगवळणी पडलेलं. दांडा खाली करायचा असतो, हे मीच घोकून घ्यायला विसरले होते.

मी कपाळावर हात मारला. आत्या दांड्याकडे बघत राहिली.

"म्हणजे ब्रेक लावलेला असताना चढली?"

"हो ना."

तिने दांडा खाली केला, पदर खोचला आणि पेट्यांची दारं उघडायला लागली. पहिल्या माश्या फुलांवर गेल्या, तशी पाठमोरीच म्हणाली, "ट्रेलर छोटा पडतोय. पुढच्या वर्षी मोठा कर."