धाकट्याची अठरा रोपं

दादा मोठ्या बागेत पाण्याचा पंप चालवतो. शिक्षण सातवी, पण आवाज असा की दोन्ही फाटकांना ऐकू जावा. आणि त्या आवाजाला विषय एकच. "आमच्या धाकट्यासारखा माळी दिवा घेऊन शोधा, सापडला तर मिशी उतरवीन!"

त्यात खोटं काही नव्हतं. धाकट्याला फुलांची शास्त्रीय नावं तोंडपाठ. शिवाय बागेत परभाषेचं माणूस दिसलं की हा फूल पुढे करायचा, भुवया उंचवायचा, आणि ते सांगेल ते नाव वहीत टिपायचा. आपली शेवंती, हिंदीत गुलदाउदी, बंगालीत चंद्रमल्लिका. "एवढी नावं राजाच्या पोराला नसतात," दादा म्हणायचा.

फक्त धाकटा बोलताना अडखळायचा. त्याचं अर्धं वाक्य लहानपणापासून दादाच पुरं करायचा. दुकानात, दवाखान्यात, अहो, लग्नाला 'हो'सुद्धा दादानेच म्हटलं!

यंदा मुख्य माळ्याची जागा निघाली. परीक्षा तोंडी. पाट्या काढलेली वीस रोपं, शास्त्रीय नाव सांगायचं, अठरा बरोबर आली तर जागा. दादाने पंप बंद केला आणि काचघराच्या दारात येऊन उभा राहिला.

सोळा रोपं झाली, एक चुकलं. सतरावी गुलबक्षी. धाकट्याची मान ताठ झाली. "मि... मि..."

दादाला कुठलं राहवतंय! "मिराबिलिस जलापा!"

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "हे उत्तर तुमचं झालं. याच्या नावावर नाही धरता येणार."

"अहो बाई, त्याला येतंय! अगदी ओठांवर होतं त्याच्या!"

"मग बाहेर येऊ द्यायचं होतं."

धाकट्याने वळून पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "दा... दादा, जरा थांब ना."

आता उरलेली तिन्ही बरोबर यायला हवी होती. दोन आली. शेवटचा तेरडा. दादाने खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला.

"इम्पेशन्स," धाकटा म्हणाला, आणि अडला. "बा... बा..."

पुढचं दादाला येत होतं. धाकट्याची घोकंपट्टी ऐकून ऐकून त्यालाही पाठ झालेलं. दातांखाली पंचा ओला झाला. बाईंनी पेन खाली ठेवलं, कुंडीतल्या मातीकडे बघत बसल्या.

"बाल... बाल्समिना." आणि कुणी विचारलेलं नसताना धाकटा थांबेचना. "हिं... हिंदीत गुलमेहंदी. बंगालीत दो... दोपाटी."

"अठरा," बाई म्हणाल्या.

घरी धाकट्याची बायको दारातच उभी. सवयीने तिने दादाकडेच पाहिलं. "काय झालं, दादा?"

दादाची छाती फुगली. तोंड उघडलं. दिवसभर पोटात धरलेलं सगळं जिभेवर आलं. त्याने ते गिळलं आणि चपला काढायला खाली वाकला. "मला काय विचारतेस? परीक्षा त्याची होती."

धाकट्याने पहिल्या रोपापासून सुरुवात केली. चुकलेल्याचंही सांगितलं. गुलबक्षीपाशी आला तेव्हा दादाकडे बघून हसला, आणि सगळं नाव स्वतःच्या तोंडाने, सावकाश, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. आत दूध उतू गेलं. वास आला, पण जागचं कुणी हललं नाही.