दोनशे दहा तास, एक कार्ड

पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंपासून जमेल तेवढी लांब बसले. निवृत्तीनंतर कोथरूडच्या एका छोट्या संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. तिथली यंत्रं एक निवृत्त इंजिनियर सांभाळायचे. रोज खडकीहून यायचे. कामाला चोख, बोलायला तिखट.

त्या वर्षी इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी कात्रजहून दोन बस बदलून यायची. तिच्यासाठी आम्ही वाचणाऱ्या चौघींनी मिळून चौदा पुस्तकं वाचली. एकूण दोनशे दहा तास. तिच्याकडे एक जुना बोलका प्लेअर होता, तो आठ जीबीपर्यंतचंच मेमरी कार्ड घ्यायचा. घरात फोन एकच आणि तो आई कामावर घेऊन जायची.

परीक्षेला दीड महिना उरला असताना इंजिनियरसाहेबांनी कागदावर हिशेब मांडला.

"सेकंदाला चौसष्ट किलोबाइट. तासाला छत्तीसशे सेकंद. म्हणजे तासाला दोनशे तीस एमबी. दोनशे दहा तासांचे अठ्ठेचाळीस जीबी. आठच्या कार्डात फार तर दोन पुस्तकं बसतील. कोणती दोन, ते ठरवा."

"वेगवेगळी कार्डं दिली तर?" मी विचारलं.

उत्तर त्या मुलीनंच दिलं. "मॅडम, ती नखाएवढी असतात. सगळी हाताला सारखीच लागतात. मागं एक पडलं, ते सापडलंच नाही." मग म्हणाली, "असू दे. दोन सांगते मी."

तिचा तो समजूतदारपणा घरी आल्यावरही माझी पाठ सोडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुका तपासायला एक तासाभराचं प्रकरण फोनवर ऐकत होते. फाईलखाली आकडा होता अठ्ठावीस पूर्णांक आठ एमबी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. साहेबांच्या कागदावर तर तासाला दोनशे तीस पूर्णांक चार एमबी होते! मी भागाकार केला. उत्तर आलं आठ. थोडंफार इकडेतिकडे नाही, चोख आठ.

मग रेकॉर्डिंगची सेटिंग उघडली. चौसष्ट के आणि पुढे इंग्रजी बी, पण छोट्या लिपीतला. शोधल्यावर कळलं की छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट आणि आठ बिटांचा एक बाइट. मी खुर्चीत ताठ बसले. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे सांगण्यात माझा जन्म गेला होता. ही चूक माझ्या प्रांतातली होती!

चौसष्ट किलोबिट म्हणजे सेकंदाला आठच किलोबाइट. दोनशे दहा तासांचे सहा जीबी, वर थोडं. मी तीनदा गुणाकार केला.

संस्थेत जाऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"अहो बाई, आठचं कार्ड कधी आठ भरतं का? कॉम्प्युटर साडेसातच्या आतच दाखवतो."

याचाही अभ्यास मी करून आले होते. "कार्डवाले हजाराच्या पटीत मोजतात, तुमचा कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. त्यामुळे आकडा लहान दिसतो. पण तसं असेल तर आपल्या फाईलीही तो त्याच मापानं मोजणार. त्या सहाऐवजी साडेपाचच्या जरा वर दिसतील. बसतील की नाही?"

त्यांनी कागद बाजूला ठेवला. कार्ड लावलं आणि चौदाही पुस्तकं एकदम निवडली. हिरवी पट्टी सरकत गेली. आम्ही वाचणाऱ्या चौघीजणी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होतो. पट्टी शेवटाला टेकली, तरी पावणेदोन जीबीच्या वर जागा शिल्लक!

"बिट आणि बाइट," साहेब स्वतःशीच पुटपुटले. मग मागे वळून म्हणाले, "चूक माझी. उद्यापासून हिशेब तुमच्याकडे." पुण्यात याहून मोठा सत्कार होत नाही.

मुलगी आली तेव्हा तिच्या प्लेअरनं एकेक पुस्तकाचं नाव सांगायला सुरुवात केली. ती बोटांवर मोजत होती. दोन झाली, तीन झाली, आणि तिनं मान झटक्यात वर केली. चौदावं नाव आल्यावर ती माझे दोन्ही हात धरून मोठ्यानं हसली.

"मॅडम, सगळी?"

"सगळी. शिवाय जागा उरलीय. त्यात काय हवं ते सांग."

"कादंबऱ्या," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "पण परीक्षेनंतर ऐकीन हं!"

ती पहिल्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी साहेबांनी खडकीहून येताना पेढे आणले आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला. मी मात्र तोवर पुढच्या सहा विद्यार्थ्यांच्या पुस्तकांचे तास मांडून बसले होते, आणि गुणाकार भराभर सुटत होते.