आईचा लटका बाजार

आमच्या घरात कापड विकत आणायची रीत नव्हती. कळमनुरीजवळच्या आमच्या गावात देवीची पूजा आमच्याकडे. ओटीत येतील ते खण, त्या साड्या, तेच आईचं नेसणं. लग्न होऊन आली तेव्हाच तिला बजावलं होतं, देवी नेसवील ते नेसायचं, तोंडानं काही मागायचं न्हाई. चाळीस वर्षं तिनं ते पाळलं. मला याचा लहानपणापासून राग. बाईनं जन्मात एकदाही आपला रंग आपण निवडू नये, ही कसली भक्ती? पण घरात हे बोलायची सोय नव्हती.

आम्ही मायलेकींनी त्यातून वाट काढली होती. दुपारी नैवेद्य झाला, भांडी घासून पालथी घातली, की आई म्हणायची, "चल गं, बाजार करून येऊ." जायचं कुठंच नाही. ओसरीवर बसल्या बसल्या बाजार. मी दुकानदारीण, ती गिऱ्हाईक. माहेरी ती कशिदा काढायची, म्हणून आधी दोऱ्यांचं दुकान. दुसुती कापड, लाकडी रिंग, रेशमाच्या लडी. "निळा दाखवा. हा न्हाई, मोराच्या मानेचा पाहिजे." मग चंदनाचा साबण, मोगऱ्याचं अत्तर. घासाघीससुद्धा करायची पठ्ठी. मी म्हणायची, "घ्या, बांधून दिलं," आणि दोघी हसत सुटायचो.

पुढं मी हिंगोलीला शाळेत कारकून झाले. पगार हातात आला तरी बाजार लटकाच राहिला. दर रविवारी फोनवर भरायचा.

"काय घेता आज?"

"तोच निळा. अन् रिंग मोठी द्या, मोर मावला पाहिजे."

शाळेतून घरी येताना वाटेतच दोऱ्यांचं दुकान होतं. रोज त्याच्यासमोरून गेले, एकदाही आत शिरले नाही. आपला खेळ किती गोड, याचंच मला कौतुक. मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगायची.

गेल्या वर्षी आईचे हात कापू लागले. चहा घेताना कपबशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. हात पुरते जायच्या आत एक मोर तरी तिच्या हातून व्हावा, एवढंच डोक्यात बसलं. रजा टाकली आणि दुकान गाठलं. तो निळा सापडेपर्यंत दुकानदाराला भंडावून सोडलं. साबण, अत्तर, सगळं घेतलं आणि गावी जाऊन तिच्यापुढं पिशवी रिकामी केली.

ती कितीतरी वेळ निळी लड बोटांवर फिरवत बसली. मग सुई घेऊन दोरा ओवायला लागली. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या आजूबाजूलाच हलत राहिलं. मी हात पुढं केला, पण तिनं सुई सोडली नाही. चारदा झालं. पाचव्यांदा तिनं हात मांडीवर ठेवले.

मी बोलून गेले, "माय, मला वाटायचं, तुला हा खेळ आवडतो."

"खेळ तुझा व्हता, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी तर मागत व्हते. मला दुसरं कसं मागता आलं असतं?"