डाव्या पावलाचा उशीर

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते सिनेमासाठी चालतात. अभिनय करत नाहीत, पडद्यावर दिसत नाहीत, फक्त चालतात. नटी जिन्यावरून उंच टाचांनी उतरते तेव्हा आपल्याला ऐकू येणारी टकटक या पन्नाशीतल्या, टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाची असते. टॉलीगंजच्या फिल्म स्टुडिओतल्या एका बंद खोलीत स्वतःच्या मापाचे टाचांचे बूट घालून ते पडद्याकडे बघत जागच्या जागी चालतात आणि तो आवाज चित्राला जोडला जातो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खो खो हसले होते. आता त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो. आई गेल्यावर वर्षाच्या आत मी बाबांनाही कोल्हापूरहून घेऊन आले. घेऊन आले म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. ते तयार नव्हते, पण माझ्या हट्टापुढे घरात कुणाचं फारसं चालत नाही. बाबा जमीन मोजणी खात्यात होते. जन्मभर बांधाबांधावरून हिंडल्यामुळे त्यांचं पाऊल अडीच फुटांचं ठरून गेलं होतं. साखळी टाकायच्या आधी नुसतं चालून ते शेताची लांबी सांगायचे आणि साखळी त्यांना दुजोरा द्यायची. पायात कायम कोल्हापुरी वहाणा, त्याही करकर वाजणाऱ्या. कारागीर तळाच्या दोन थरांमध्ये कसलीशी बी घालतात म्हणे. गावाकडे त्या आवाजाला रुबाब म्हणतात, आमच्या बंगाली इमारतीत लोक दार उघडून बघायचे.

म्हणून एका संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे हे गृहस्थ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, झालं, तक्रार आली. ते तोंड उघडायच्या आधीच मी हिंदीत तीनदा माफी मागितली. ते गोंधळले. मग म्हणाले, "बौदी, तक्रार नाही. मला मेशोमोशाईंचे पाय हवेत."

बौदी म्हणजे मी, मेशोमोशाई म्हणजे बाबा. दादांकडे एका अज्ञात खुन्याच्या शोधावरचा सिनेमा आला होता. शहरात एकामागून एक खून होत राहतात, पण खुनी कधीच कुणाला दिसत नाही. लोकांनी फक्त त्याची पावलं ऐकलेली असतात. एक पोलीस अधिकारी त्या पावलांचा माग काढता काढता म्हातारा होतो. दिग्दर्शकाला या शहरातला नसलेला पाय हवा होता. दादांनी सगळ्या तऱ्हेची पादत्राणं घालून पाहिली, काही जमेना, आणि रोज संध्याकाळी जिन्यावरून तोच पाय वर जाताना ऐकू येत होता.

बाबांना खुनी व्हायला आवडलं. हिवाळ्यात दोन दिवस ते टॉलीगंजला गेले. पहिल्यांदा त्यांनी खुन्यासारखं म्हणून दबकत चालून दाखवलं, तेव्हा दादा म्हणाले, असं नको, रोज घरी येता तसे या. घरी येऊन बाबा मला म्हणाले, "तो माणूस ऐकतो कसा, बघत राहावं. माझ्या पावलावरून सांगितलं, तुम्ही खिशात उजव्या बाजूला काहीतरी जड ठेवता. किल्ल्यांचा जुडगा होता गं." त्यानंतर आठवडाभर ते नातवंडांना अंधारात घाबरवत फिरत होते. इथे आल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मग एका रविवारी ते एकटेच लोकलने बजबजला गेले. नदीकाठी बसून जहाजं बघायचा त्यांना नाद लागला होता. परत येताना मिनीबसमध्ये उठून उभे राहिले आणि बुटक्या छतावर डोकं आपटलं. या शहरात उंच माणसाचं हे रोजचंच आहे. टेंगूळ आलं, मी बर्फ लावला, वर चार शब्द सुनावले. दोन दिवसांत टेंगूळ उतरलं आणि आम्ही ते विसरलो.

पुढच्या दीड महिन्यात बाबा हळूहळू गप्प होत गेले. दुपारी झोपले की संध्याकाळीच उठायचे. शब्दकोडं अर्धवट टाकायचे. मला वाटलं, आईची आठवण येते. मग वाटलं, रुसलेत, कोल्हापूरला परत जायचं आहे आणि सांगत नाहीत. मला रुसव्याचा राग येतो, तो मी काढलाही. जिन्यावर त्यांच्या वहाणांचा आवाजही बदलला होता. उजवी करकरायची आणि डावी नुसती फरपटल्यासारखी व्हायची. यावर आमच्या घरात दुसरा विचार कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं. इथल्या दमट हवेत कातडं फुगतं, कपाटातल्या पट्ट्यांना बुरशी येते, वहाणेचं काय! बाबाही म्हणाले, डावी फुगलीय. मी एरंडेल तेल गरम केलं, माझी आई करायची तसं डाव्या वहाणेला चांगलं चोळून घातलं आणि उन्हात ठेवली. तरी फरपट जाईना, म्हणून दोन्ही वहाणा कपाटात टाकल्या आणि त्यांना रबरी स्लिपर आणून दिली. जिना शांत झाला. मला हायसं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

चार दिवसांनी दादा वर आले. सिनेमात दोन नवे प्रसंग वाढले होते, मेशोमोशाई हवे होते. मी वहाणा कपाटातून काढून दिल्या, तेलाबद्दल आगाऊ सांगून टाकलं आणि दोघांना टॅक्सीत बसवलं. तासाभरातच दादांचा फोन आला. "बौदी, आप अभी आइए." आवाजात घाई नव्हती, पण एरवी ते फोनवर आधी खुशाली विचारतात, ती विचारली नाही.

ती खोली मी पहिल्यांदाच पाहिली. जमिनीवर उथळ चौकोनी खड्डे, एकात वाळू, एकात खडी, एकात सुका पाला, एकात नुसता सिमेंटचा कोबा. बाबा कोपऱ्यात खुर्चीवर पेंगत होते. दादांनी माझ्या कानांवर हेडफोन ठेवले आणि हिवाळ्यातली पावलं ऐकवली. करकर, करकर, घड्याळ लावून घ्यावं इतकी सारखी. मग आजची ऐकवली. मला फरक कळला, पण कारणही माझ्याकडे तयार होतं. म्हटलं, "दादा, ती वहाण आहे. मीच तेल लावलंय."

त्यांनी मान हलवली. "वहाण पाऊल पडल्यावर बोलते. हे पाऊल पडायच्या आधीचं आहे. मेशोमोशाई का लेफ्ट पैर लेट आता है."

मी वाद घालणार होते. दमट हवा, फुगलेलं कातडं, सगळं सांगणार होते. त्यांनी मला वाळूच्या खड्ड्यापाशी नेलं. मला फोन करायच्या आधी त्यांनी बाबांना वहाणा काढायला लावून अनवाणी त्यातून चालवलं होतं. उजव्या पायाचे ठसे स्वच्छ उठले होते, टाच, चवडा, पाच बोटं. प्रत्येक डाव्या ठशाच्या मागे मात्र वाळूत अंगठ्याची एक बारीक रेघ ओढली गेली होती.

जन्मभर ज्यांच्या पावलावर शेतं मोजली गेली त्यांचा एक पाय माझ्या डोळ्यांदेखत दीड महिना मागे पडत होता आणि मी कातड्याला तेल चोळत बसले होते.

दादाच आमच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये आले. डोक्याचं स्कॅनिंग झालं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये, उजव्या बाजूला, थेंब थेंब करून रक्त साचलं होतं. त्या टेंगळाच्या दिवसापासून. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही फारसं, माणूस फक्त मंद होत जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गेले असते तर एका सकाळी ते उठलेच नसते. मग विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? मी दादांकडे बोट दाखवलं. ते बाकावर बसून समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयच्या बुटांकडे बघत होते. ते कोण, त्यांनी विचारलं. म्हटलं, आमच्या खाली राहतात.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. कवटीला दोन लहान भोकं पाडून साचलेलं रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी डोळे नीट उघडले, डाव्या पायाची बोटं हलवली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "माझ्या वहाणेला एवढं तेल कुणी चोपडलं?" माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले.

महिन्याभराने दादा संकोचत वर आले. दिग्दर्शकाने ती दुसरी, फरपटणारी पावलं ऐकली होती आणि त्याला तीच हवी होती. दादांना हे मुळीच पटत नव्हतं. "आप बस ना बोल दीजिए, मैं अभी मिटा दूँगा." माझं नाही ओठांवर आलंच होतं. बाबांनी हातानेच मला गप्प केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ती चाल माझी नव्हतीच. ज्याची आहे त्याच्याकडे राहू दे."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे दुपारच्या खेळाला गेलो. पूर्वार्धात खुनी हिवाळ्यातल्या पावलांनी चालतो. उत्तरार्धात तो बिनदिक्कत होतो, पाय फरपटायला लागतो, आणि थिएटरात लोक खुर्च्यांत अंग चोरून बसतात. शेवटी तो म्हातारा पोलीस अधिकारी निवृत्त होऊन दिवेलागणीला गॅलरीत बसलेला असताना खालच्या गल्लीतून ती पावलं जातात. तो उठतो, कठड्याशी येतो, गल्ली रिकामी असते. खुनी कोण ते कधीच कळत नाही. पडदा काळा होतो तरी डावं पाऊल उशिरा पडत, उशिरा पडत लांब जात राहतं.

माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने तोंडावर हात धरला होता. सगळ्या थिएटरला ती मारणाऱ्याची पावलं वाटत होती. ती मरणाऱ्याची होती, आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होता. मी अंधारात त्यांचा हात इतका घट्ट धरला की पुडी सांडली.

बाबा अजून आमच्याकडेच आहेत. परत जाण्याचं मीच एकदा विचारलं, तर म्हणाले, बघू. संध्याकाळी तळ्यावरून फिरून येतात तेव्हा जिन्यावर करकर सुरू होते. ती पहिल्या मजल्यापर्यंत आली की खालचं एक दार जरासं उघडतं. कुणी बाहेर येत नाही. बाबा दोन मजले चढून येईपर्यंत ते दार तसंच राहतं. मीही स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी असते. मग खाली ते दार हलकेच लागतं, आणि मी चहाचं आधण ठेवते.