किल्ल्यातली दादांची खोली

आमच्या आईपुढे कुणी "जातो" म्हणायची सोय नव्हती. दूधवाल्यालासुद्धा दारातून परत बोलावून "येतो" म्हणायला लावायची. गंगापूर रोडवरची आमची अख्खी कॉलनी हसायची. मला तर अस्सा राग यायचा तिचा!

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा, म्हणजे आईचे दादा, लष्करात शिपाई. लढाईच्या काळात त्यांची नेमणूक कोकणातल्या एका किल्ल्यावर झाली, समुद्रावर पहारा द्यायला. रजा संपवून ते निघाले तेव्हा आठ वर्षांची आई रुसली होती, मला का नेत नाही म्हणून. "या" म्हणायचं सोडून ती ओरडली, "जा! परत येऊच नका!" पुढं दादा तिथंच तापानं गेले. आपल्या जिभेनं बाप खाल्ला, हे आईनं धरलं ते धरलंच. सणाला गोडाचं पान समोर आलं की ती ते बाजूला सारायची.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीला लागले आणि तिला तिथं घेऊन गेले. दादांच्या खोलीत मेणबत्ती लावायची, माफी मागायची, एवढंच तिला हवं होतं. एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत पोचलो, तर काय, किल्ल्याची बाग झालेली! लढाई संपल्यावर लष्कर उठलं, किल्ला बरीच वर्षं ओस पडला, मग नगरपालिकेनं आत हिरवळ लावली, तोफांना रंग दिला. माळी म्हणाला, "शिपायांच्या खोल्या कधीच पाडल्या, बाई. तिथं आता घसरगुंडी आहे."

आई घसरगुंडीपाशी मेणबत्ती घेऊन उभी राहिली. वाऱ्यानं काडी काही टिकेना.

"बघ, दादा माफीसुद्धा देत नाहीत," ती म्हणाली.

"अगं, वारा आहे तो!" मी चिडून म्हटलं. पण मीही दोन काड्या ओढून बघितल्या.

तेवढ्यात घसरगुंडीवरची एक मुलगी घरी जायला तयार होईना. बाप हाका मारून दमला, तर तिनं पाय आपटले. "जा तुम्ही! मला नकोतच तुम्ही!" बाप हसत सुटला. तिला खांद्यावर टाकून चालू लागला, ती पाठीवर गुद्दे मारतेच आहे.

आई बघत राहिली. "केवढी असेल गं ती?"

"असेल सात-आठ वर्षांची."

"एवढुशी?" आई माझ्याकडे वळली. "अगं बाई, एवढ्याशा लेकराला मी जन्मभर शिव्या देत आले?"