न विचारता आलेल्या दोघी

आता हे कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? सांगते, पण हसायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात निखिलचे मित्र आमच्या लोहाऱ्याच्या घरी तीनदा मुक्कामाला आले. शेवटी मी कडाडले, "घर दोघांचं आहे! यापुढे मला विचारल्याशिवाय पाहुणा आणायचा नाही." बिचारा कबूल झाला.

आणि मग ती भादव्यातली दुपार. आभाळ गच्च, लाइट गेलेली. मी ऑफिसातून लवकर परतले, तर दार नुसतं लोटलेलं! आत चिटपाखरू नाही. मागच्या खोलीत डोकावले. अंधारात दोन बाया. जरीच्या साड्या. शेजारी शेजारी उभ्या.

"क... कोण तुम्ही?"

खिडकीतून वारा आला, एकीचा पदर हलला. ती नाही हलली.

स्वयंपाकघरात पळून निखिलला फोन लावला.

"घरात दोन बाया आहेत!"

"पोचल्या का? अवं, राळेगावच्या घराचं छत काढलंय ना, म्हणून यंदा आपल्याकडे. विचारणारच होतो तुले..."

"मला न विचारता?"

"तीनच तर दिवस राह्यतात."

"पण बोलत का नाहीत?"

"त्या कशा बोलतील?"

"बसत पण नाहीत रे!"

"उभ्याच असतात त्या. जेवायले सोळा भाज्या लागतात, तेवढं..."

फोन कटला. तुम्हाला कळलंच असेल. मला? मला एवढंच कळलं, की घरात दोन मुक्या बाया आहेत आणि त्यांना सोळा भाज्यांची भूक आहे!

तेवढ्यात लाइट आली. पुन्हा डोकावले. साड्या होत्या, दागिने होते, खांदे होते.

डोकी नव्हती.

"निघा!" मी डोळे मिटून किंचाळले. "आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून निघा!"

"जातो बाई," मागून आवाज आला.

दारात सासूबाई! राळेगावहून आलेल्या, दोघींना साड्या नेसवून शेजारणीकडे गेलेल्या. एका हातात तिच्याकडचं हळदीकुंकू, दुसऱ्या हातात डबा, आणि डब्यात पितळेचे दोन मुखवटे. महालक्ष्म्यांचे, म्हणजे भादव्यातल्या गौरींचे! आमच्या माहेरी नसतात हो महालक्ष्म्या. साड्या आधी नेसवतात, मुखवटे मागून बसवतात, हे मला कोण सांगणार?

"आम्ही तिघी जणी आहोत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तिघींनंही जाव का?"

मी रडतच त्यांचे पाय धरले. सोळाच्या सोळा भाज्या मीच चिरल्या, कोणी न सांगता.

नियम मात्र सगळ्या घराने पाळला. आता सासूबाई राळेगावच्या स्टँडवरूनच फोन करतात, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असा:

"बाई, मी येऊन राह्यली. डोक्यासकट. चालन नं?"