कुरडया आणि सोलरच्या प्लेटा

काल आमच्या मिलवर लई गंमत झाली. हसून हसून पोट दुखलं, म्हणून म्हटलं लिहावंच... चुकलंमाकलं सांभाळून घ्या, माझी शाळा दुसरीपर्यंतच.

लातूरला एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. पोरगा विलास आणि सून महानंदा दोघं मिळून चालवतात, मागेच घर. उन्हाळ्यात मिलची गच्ची म्हणजे माझं राज्य! कुरडया, पापड, सांडगे सगळं तिथंच. आजूबाजूच्या बायकाही यायच्या, अन् त्या गप्पा तर काय... असो.

यंदा विलास म्हणाला, गच्चीवर सोलर बसवायचं. मिल दिवसा उन्हावर चालणार! आनंद झाला हो, पण वाळवणाचा घोरही लागला. नांदेडला लेकीच्या लेकीचं लग्न, रुखवतात आजीच्या हातच्या कुरडया पाहिजेतच. त्या वाळवू कुठं? अंगणात तर मिलचा भुसा उडतो...

मी नुसती फुगून बसले. काम चालू होतं तोवर गच्चीची पायरीसुद्धा चढले नाही.

पण भिजवलेले गहू काही थांबत नाहीत. काल सकाळी चीक शिजवला, सोऱ्या घेतला आणि शेजारच्या कमलला घेऊन वर गेले.

वर जाऊन बघतच राहिले. आमच्याच नाही, तेलाची मिल, बर्फाचा कारखाना, पलीकडचं कोल्ड स्टोरेज... जिकडं पाहावं तिकडं छपरं सोलरनं चमकत होती. मागल्या उन्हाळ्यात असं एखाददुसरंच दिसायचं. कमल म्हणाली, "काकू, समदी एमआयडीसीच वाळवण घालून बसली की!"

एका टोकाला गच्ची मोकळी होती. म्हटलं तिथं अजून प्लेटा यायच्या असतील, कशाला अडवायची... मग काय, बसवलेल्या प्लेटांवरच जुनी साडी अंथरली, टोकं बांधली आणि घातल्या कुरडया! उतारावर ऊन काय झकास लागत होतं.

जरा वेळानं विलास धावत वर. त्याच्या मोबाईलात कोणती प्लेट किती वीज देते ते दिसतं म्हणे. "आई! प्लेटा बंद पडल्या म्हणून मी इंजिनिअरला फोन लावायलोय, अन् तू इथं कुरडया घालायलीस?"

मागून महानंदा आली, ती तर हसत खालीच बसली. "आत्या, ती मोकळी जागा तुमचीच हाय की! वर चला बघायला म्हणून किती म्हणलं, तुम्ही ऐकताय कुठं."

मग विलासनं सांगितलं. तिथंही प्लेटा बसत होत्या, इंजिनिअर मागं लागला होता, विलासही तयार होता. महानंदानंच ऐकलं नाही. चार प्लेटा कमी बसल्या तर बसू द्या, म्हणाली, तेवढं टोक आत्यांचं.

चौघांनी साडीचे कोपरे धरून कुरडया अलगद तिकडं नेल्या. मोडल्या त्या विलासनं ओल्याच खाल्ल्या... एवढा मोठा मालक, पण सवय लहानपणीचीच! आज दुपारपर्यंत बाकीच्या कडक वाळल्या. नांदेडला फोन केला, रुखवताची काळजी करू नका.

मिल उन्हावर चालते याचं कौतुक आहेच. पण मी आपली खाली रुसून बसलेली, आणि सून वर माझ्यासाठी ऊन राखून ठेवत होती...